एकाच मोटरमधली चार बेअरिंग : माझा अनुभव

आमच्या देखभाल विभागाकडे असलेल्या एका ब्लोअरच्या (हवा फुंकणाऱ्या यंत्राच्या) २२ किलोवॅट मोटरमध्ये पुलीकडच्या बाजूचे ६३१० क्रमांकाचे बॉल बेअरिंग (आतल्या आणि बाहेरच्या रिंगमध्ये बॉल फिरतात ते) सव्वा वर्षात चार वेळा बदलावे लागले. नीट बसवलेले, स्वच्छ राहिलेले आणि योग्य ग्रीस मिळालेले असे बेअरिंग या प्रकारच्या कामात वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी तोच घरघराट सुरू होणे हा नशिबाचा भाग नव्हता, हे मला कळत होते. मात्र कारण सापडायला जो वेळ लागला त्यातला बराचसा आमच्याच सवयींमुळे वाया गेला.

पहिल्या वेळी आम्ही नेहमीसारखेच वागलो. पुलर लावून जुने बेअरिंग ओढून काढले, भंगाराच्या पेटीत टाकले आणि नवे बसवले. "साहेब, मालच हलका निघाला असणार," असे आमचे अनुभवी फिटर म्हणाले, मीही मान डोलावली आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचे बेअरिंग मागवायचे ठरवले. त्या पहिल्या बेअरिंगच्या आत काय होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि याची खंत मला आजही आहे.

दुसऱ्या वेळी आवाज आला तेव्हा मी काम थांबवून क्रम बदलला. बेअरिंग बाहेर काढण्याआधी बाहेरच्या रिंगवर वरच्या बाजूला, म्हणजे घड्याळात बारा असतात त्या जागी, कायम राहील अशी खूण केली आणि कोणती बाजू पुलीकडे होती तेही लिहिले. बाहेरची रिंग स्थिर असते आणि भार एकाच दिशेने येतो, म्हणून तिच्या रेसवर, म्हणजे बॉल ज्या खोबणीतून धावतात तिच्यावर, बॉलच्या चालीचा पट्टा साधारण अर्ध्या परिघावरच उमटतो. फिरणाऱ्या आतल्या रिंगवर तो पूर्ण गोल उमटतो. पट्टा कुठे आहे, किती रुंद आहे, सरळ आहे की तिरका, यावरून भार कुठून आला, शाफ्ट वाकडा चालत होता का, बेअरिंग आवळले गेले होते का, हे सगळे वाचता येते. परंतु रिंग हाउसिंगमध्ये (बेअरिंग बसते त्या घरात) कशी बसली होती हेच माहीत नसेल तर निम्मा अर्थ हरवतो. दुसरी गोष्ट म्हणजे, बेअरिंग लगेच धुतले नाही. आतले थोडे ग्रीस आधी कागदावर काढून ठेवले आणि मगच बाहेरची रिंग ग्राइंडरने समोरासमोर दोन ठिकाणी कापून उघडली. हे करताना डोळ्यांवर जाड चष्मा हवाच, कारण कडक पोलादाचा तुकडा अचानक सुटून उडू शकतो.

कापलेला अर्धा भाग सॉल्व्हंटने पुसून दिव्याखाली तिरका धरला. रेसच्या मध्यावर नव्हे, तर एका कडेला सरकलेले छोटे, गुळगुळीत पोचे ओळीने दिसले. दोन पोच्यांमधले अंतर मोजले तर ते बरोबर शेजारच्या दोन बॉलांमधल्या अंतराइतके निघाले. आतल्या रिंगवर तसेच पोचे विरुद्ध कडेला होते. काही पोच्यांच्या पुढे पापुद्रा सुटायला सुरुवात झाली होती. बॉल रेसमध्ये कडेने दाबले गेले होते, म्हणजे शाफ्टच्या दिशेने जोराचा धक्का बसला होता, आणि तोही मोटर थांबलेली असताना, कारण फिरत्या बेअरिंगमध्ये एवढे नेमके अंतर राहत नाही.

धक्का कुठून आला हे शोधायला लांब जावे लागले नाही. बेअरिंग शाफ्टवर चढवताना आम्ही आतल्या रिंगवर नळी टेकवून काळजीने ठोकत होतो, पण त्यानंतर पुली मात्र शाफ्टच्या टोकावर लाकडी ठोकळा धरून घणाने बसवत होतो. तो प्रत्येक घाव शाफ्टमधून आतल्या रिंगकडे, तिथून बॉलकडे आणि बॉलमधून बाहेरच्या रिंगकडे जात होता. बेअरिंग बसवण्याचा मूळ नियम असा की जी रिंग घट्ट बसवायची तिच्यावरच जोर द्यायचा आणि तो जोर बॉलमधून कधीही जाऊ द्यायचा नाही. हा नियम पुली, कपलिंग आणि मोटरचे कव्हर बसवतानाही तितकाच लागू होतो, हे आम्ही विसरलो होतो. शाफ्टच्या टोकाला मध्यभागी आटे पाडलेले छिद्र असते. त्यात स्टड लावून, नट आवळत पुली ओढून बसवायची पद्धत त्या दिवसापासून सुरू झाली. बेअरिंगही ठोकण्याऐवजी इंडक्शन हीटरवर सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सरकवायला लागलो. गॅसच्या ज्योतीने तापवणे पूर्ण बंद केले, कारण ज्योतीखाली रिंग एका बाजूने जास्त तापते आणि पोलादाचा कडकपणा जाऊ शकतो.

तिसरे बेअरिंग असे निगुतीने बसवले होते, म्हणून ते चार महिन्यांत तापू लागले तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. उघडल्यावर पोचे नव्हते. पट्ट्याची जागाही योग्य होती : बेल्ट ज्या दिशेने ओढतो त्या बाजूला, नेहमीच्या रुंदीचा आणि सरळ. त्यामुळे बेल्ट जास्त ताणला गेल्याचा आणि अलाइनमेंट (पुल्यांची एक रेष) चुकल्याचा संशय मिटला. हा संशय वावगा नव्हता. भार दुप्पट झाला तर बॉल बेअरिंगचे गणिती आयुष्य एक अष्टमांशावर येते, आणि बेल्ट हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्यांकडून एवढा फरक सहज पडू शकतो. पण या वेळी बोलत होते ते ग्रीस. ते काळे पडले होते, पातळ झाले होते आणि मोटरच्या आतही गेले होते.

मी ग्रीसची वही काढली. प्रत्येक वेळी "ग्रीस भरले" एवढीच नोंद होती, किती ते कुठेच नव्हते. हिशेब सोपा आहे : बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार ०.००५ ने गुणला की एका वेळी द्यायचे ग्रीस ग्रॅममध्ये मिळते. ६३१० साठी व्यास ११० आणि रुंदी २७, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. आमची ग्रीस गन काट्यावर ठेवून दहा दाब मोजले तेव्हा कळले की फिटर देत असलेल्या तीस दाबांत जवळजवळ अडीच पट ग्रीस जात होते. "जास्त दिले तर बिघडत नाही" ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे, आणि माझ्या मते ग्रीस कमी पडण्याइतकेच नुकसान ती करते. जादा ग्रीस बॉलांमध्ये घुसळले जाते, त्याने उष्णता वाढते, तेल वेगळे होते. आणि ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यात भर अशी की मोटरमध्ये पॉलियुरिया ग्रीस होते आणि गनमध्ये लिथियमचे. ही दोन प्रकारची ग्रीस एकत्र आली की पुष्कळदा मऊ पडून वाहू लागतात. आम्ही गनवर ग्रीसच्या प्रकाराची पट्टी चिकटवली, मोटरच्या निपलशेजारी (ग्रीस भरायच्या तोंडाशेजारी) दाबांची संख्या रंगवली आणि ग्रीस देताना खालचा ड्रेन प्लग उघडायला सुरुवात केली.

चौथे बेअरिंगही गेले. या वेळी ग्रीस मोजून दिलेले होते, पुली घणाविना बसवलेली होती, आणि तरीही पाचव्या महिन्यात आवाज आला. हा आवाज घरघरीपेक्षा वेगळा, एका सुरात गुणगुणणारा होता. कापलेली रिंग दिव्याखाली धरली तेव्हा मी काही क्षण नुसता पाहत राहिलो. भाराच्या पट्ट्यात, बॉलच्या चालीला आडव्या, एकसारख्या अंतरावर करड्या रेघा उमटल्या होत्या. धुण्याच्या फळीवर असतात तशा. नखाने त्या जाणवत होत्या. बॉल आरशासारखे चकचकीत असायला हवे होते, ते एकजात मंद, राखाडी झाले होते. ग्रीस पुन्हा काळे होते, पण या वेळी ते जादा ग्रीस घुसळल्याने नव्हते.

या खुणेला आमच्या व्यवसायात फ्लुटिंग म्हणतात आणि ती बेअरिंगमधून वीज गेल्याची खूण आहे. बेअरिंगच्या बिघाडांचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ १५२४३ या मानकात थकवा, झीज, गंज, विजेने होणारी झीज, कायमचा आकारबदल आणि तडे किंवा तुटणे असे सहा गट आहेत. आमच्या एका मोटरने त्यांतले निम्मे मला दाखवले. पहिले बेअरिंग जाण्याच्या थोडे आधी त्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे विद्युत उपकरण) लावला होता. व्हीएफडी व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, त्यामुळे तिन्ही फेजची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य राहत नाही आणि रोटरवर (मोटरच्या फिरत्या भागावर) व्होल्टेज साठते. बॉल आणि रेस यांच्यामध्ये तेलाचा जो अतिशय पातळ थर असतो तो हे व्होल्टेज सहन करू शकला नाही की तिथे ठिणगी पडते आणि पोलादाचा सूक्ष्म बिंदू वितळतो. असे असंख्य बिंदू झाले की बॉलची चकाकी जाते आणि पुढे त्या रेघा तयार होतात.

तिसरे बेअरिंग मी जपून ठेवले होते. ते पुन्हा भिंगाखाली घेतले तर त्याच्या पट्ट्यातही पुसटशा आडव्या रेघा होत्या आणि बॉल थोडे मंदावलेले होते. मी ते खराब ग्रीसच्या खात्यावर टाकले होते. दुसऱ्याच्या बॉलवरही तीच छटा होती. म्हणजे पुलीचे घाव आणि जादा ग्रीस ही कारणे खरी होती, पण त्यांच्या खाली तिसरे कारण सुरुवातीपासून काम करत होते, आणि ठळक खूण सापडल्याच्या समाधानात पुसट खुणेकडे माझे दुर्लक्ष झाले होते.

उपाय करताना पुलीकडे शाफ्टला अर्थिंग रिंग बसवली, म्हणजे साठलेल्या विजेला बेअरिंगऐवजी सोपी वाट मिळते. मागच्या बाजूला इन्सुलेटेड (वीज जाऊ न देणारे) बेअरिंग घेतले. अर्थिंग रिंग न लावता नुसते हे बेअरिंग घेऊन थांबलो असतो तर विजेला पुलीकडचे बेअरिंग मोकळेच राहिले असते. साधी केबल काढून शील्ड (तारांभोवती धातूचे आवरण) असलेली टाकली, तिचे शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण परिघाने जोडले. वेल्डिंग करणाऱ्यांनाही सांगितले की अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ, त्याच भागावर लावायचा. तो लांबच्या खांबाला लावला आणि मध्ये बेअरिंग असले तर वेल्डिंगचा करंट त्यातूनच जातो.

शेजारच्या राखीव ब्लोअरचेही बेअरिंग याच शोधात उघडले. तो महिनोन्महिने बंद होता, पण चालू ब्लोअरच्या कंपनांनी हलत होता, आणि त्याच्या रेसवर बॉलच्या अंतरानेच खड्डे पडले होते. घणाच्या पोच्यात मूळ घडणीच्या बारीक रेषा तळाशी शिल्लक राहतात. इथे त्या घासून गेल्या होत्या आणि तांबूस भुकटी दिसत होती. आता दर आठवड्याला तो शाफ्ट हाताने काही फेरे फिरवून पाव फेरा पुढे थांबवतात.

पाचवे बेअरिंग आवाजाविना दोन वर्षे चालले आणि नियोजित दुरुस्तीत मोटर उघडली तेव्हा, चालू स्थितीत असूनही, मी ते कापले. बारा वाजताची खूण जागच्या जागी होती. रेसवर एक अरुंद, सरळ, मंद पट्टा होता, त्यात एकही रेघ नव्हती, आणि बॉलमध्ये दिव्याचे प्रतिबिंब स्पष्ट दिसत होते.