पोकळ रेणू आतून पोकळ आहे हे इलेक्ट्रॉनला कसं कळतं

स्थितिस्थापक प्रकीर्णन म्हटलं की बरेच जण पुढच्या प्रकरणाकडे वळतात. इलेक्ट्रॉन आला, रेणूला धडकला, दिशा बदलून निघून गेला. ऊर्जा होती तेवढीच राहिली. काही तुटलं नाही, काही उजळलं नाही. मग बघायचं काय? कोन बघायचा. कोणत्या कोनात किती इलेक्ट्रॉन गेले, एवढ्या एका आलेखात अख्ख्या रेणूचा आकार दडलेला असतो, आणि हे सी-६० या कार्बनच्या पोकळ रेणूइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही.

क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९८५ मध्ये सापडलेला हा पिंजरा: ६० कार्बन अणू, १२ पंचकोन, २० षट्कोन, त्रिज्या सुमारे ३.५५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). क्रेचमर आणि हफमन यांनी १९९० मध्ये तो भरपूर प्रमाणात बनवण्याची रीत दाखवली, तेव्हा कुठे भट्टीत तापवून त्याची वाफ करावी आणि वाफेवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडावा इतका माल हाती आला.

आता कागद घ्या. १०० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी साधारण १.२३ अँगस्ट्रॉम. पातळ पोकळ गोलाच्या सगळ्या भागांतून आलेल्या लाटांची बेरीज केली की उत्तर साइन एक्स भागिले एक्स येतं. एक्स म्हणजे दिशा वळल्यामुळे इलेक्ट्रॉनच्या तरंगसदिशात (तरंगाची दिशा आणि तरंगसंख्या एकत्र सांगणाऱ्या राशीत) झालेला बदल गुणिले त्रिज्या. एक्सची किंमत पाय (π), दोन पाय, तीन पाय झाली की बेरीज शून्य, म्हणजे आलेखात दरी. सी-६० साठी हे कोन निघतात सुमारे १०, २० आणि ३० अंश. अगदी समान अंतरावर! हाच गोल तेवढ्याच त्रिज्येचा पण भरीव असता, तर पहिलं शून्य १४ अंशांच्या आसपास गेलं असतं आणि पुढची शिखरं फार भराभर बुटकी होत गेली असती. म्हणजे पोकळपणा आत न शिरताही बाहेरून मोजता येतो. हे गणित मी शिकवताना फळ्यावर करते, आणि १० अंशांचं उत्तर आलं की दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

पण अणू तर ६० सुटे आहेत, मग सलग गोलाचं सूत्र चालतंच कसं? इथे सममिती मदतीला येते. सी-६० ची सममिती इतकी कडक आहे की रेणूच्या गोलपणातला पहिला फरक कोनीय संवेगाच्या (फिरण्याच्या मापाच्या) सहाव्या पायरीवर येतो, त्यानंतर थेट दहाव्या. मधल्या पायऱ्या रिकाम्या. म्हणून लहान कोनांत इलेक्ट्रॉनला अणू वेगळे दिसतच नाहीत. अणू बघायचे तर ऊर्जा खूप वाढवावी लागते. १९९१ मध्ये हेडबर्ग आणि सहकाऱ्यांनी वायुरूप सी-६० वर जलद इलेक्ट्रॉन सोडून दोन प्रकारचे बंध मोजले: १.४० आणि १.४६ अँगस्ट्रॉम. तेही मुळात प्रकीर्णनच.

‘ऊर्जा तेवढीच’ हे म्हणणंही जरा तपासून घ्यायला हवं. रेणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे १३ लाख पट जड, त्यामुळे धक्क्यात जाणारी ऊर्जा नगण्य. मात्र त्याला कंपनाच्या १७४ रीती आहेत, आणि सगळ्यात मंद कंपनाची ऊर्जा जेमतेम ०.०३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. भट्टीतून आलेला रेणू आधीच थरथरत असतो. उपकरणाला एवढा बारीक फरक वेगळा करता आला नाही, तर कंपनाला थोडी ऊर्जा देऊन किंवा त्याच्याकडून घेऊन आलेले इलेक्ट्रॉनही ‘स्थितिस्थापक’ म्हणूनच मोजले जातात.

ऊर्जा उतरवत गेलं की गोष्ट पालटते. ३ इलेक्ट्रॉनव्होल्टला तरंगलांबी ७.१ अँगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ पिंजऱ्याच्या व्यासाएवढी. मग एकेका अणूची बेरीज करून भागत नाही. येणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळे पिंजऱ्यावरचा विद्युतभार सरकतो, रेणू ध्रुवीकृत होतो आणि इलेक्ट्रॉनला ओढून घेतो. काही ठरावीक ऊर्जांना इलेक्ट्रॉन कोनीय संवेगाच्या अडसरामागे अडकतो, थोडा वेळ रेणूपाशीच रेंगाळतो आणि मग सुटतो. तिथे काटछेदाच्या (प्रकीर्णन होण्याची शक्यता सांगणाऱ्या मापाच्या) आलेखात टोकं उभी राहतात. पोकळी मोठी, म्हणून अशा जागाही पुष्कळ. हा भाग हिशेबाला अवघड आहे, आणि ध्रुवीकरण कसं धरलं यावर टोकांची जागा सरकते. ज्या शोधनिबंधात ते नीट सांगितलेलं नसतं त्यातल्या टोकांवर मी भरवसा ठेवत नाही.

मोठ्या पिंजऱ्यांत सी-२४० घ्या. अणू चौपट, म्हणून पृष्ठभाग चौपट, म्हणून त्रिज्या दुप्पट. १०० इलेक्ट्रॉनव्होल्टला पहिलं शून्य ५ अंशांवर. सी-७० मात्र गोल नाही, लांबट आहे. वायूमध्ये तो हव्या त्या दिशेला तोंड करून असतो, प्रत्येक दिशेसाठी आलेखातल्या दऱ्यांचे कोन थोडे वेगळे पडतात, आणि सगळ्यांची सरासरी काढली की दऱ्या उथळ होत जातात, मोठ्या कोनांकडे तर आणखीच.