डीएससीचा डबा, पासवर्डची एक्सेल आणि मोबाइल नंबर

आमच्या टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात सरांच्या टेबलाच्या खणात श्रीखंडाचा एक रिकामा डबा असायचा. त्यात क्लायंटची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीची, पेनड्राइव्हसारखी टोकन. प्रत्येकाला चिकटपट्टी, तिच्यावर फर्मचं नाव आणि खाली पिन. पार्टनर लोक आपली सहीच आमच्याकडे ठेवून जात. सरांवरचा विश्वास म्हणून ठीक, पण डबा कुणी उचलला असता तर?

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटी आहे. मी हे सांगितलं तेव्हा सर हसले, म्हणाले, "आपलं ऑफिस विकून जीएसटीपुरतेही यायचे नाहीत." पण सफाईला परवानगी दिली.

टोकन रजिस्टरवर सह्या घेऊन परत केली. पासवर्डची एक्सेल फाइल बंद करून पासवर्ड मॅनेजर घेतला. बॅकअपची हार्ड डिस्क आता काम झालं की काढून ठेवतो. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला की कॉम्प्युटरबरोबरच जाते. इन्कम टॅक्सच्या नोटिशीचा ईमेल आला तर त्यातली लिंक उघडायची नाही, डीआयएन, म्हणजे नोटिशीचा ओळख नंबर, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर टाकून खरी-खोटी बघायची.

एआयएसची, म्हणजे इन्कम टॅक्सकडच्या आपल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीची, गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून लोक ती व्हॉट्सॲपवर बिनधास्त पाठवतात. पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. दोन्ही पॅनकार्डावर छापलेलं, आणि त्याचा फोटो त्याच चॅटमध्ये चार मेसेज वर! व्याज, शेअर, जमिनीचे व्यवहार, सगळं उघडं.

खरा घाम काढला तो मोबाइल नंबरनी. निम्म्या क्लायंटच्या पोर्टलवरच्या प्रोफाइलला ऑफिसचाच नंबर होता. म्हणजे पासवर्ड बदलायचा ओटीपीही आमच्याकडेच, क्लायंटला पत्ता नाही. नंबर त्यांचा त्यांना द्यायला घेतला तर लोक दुखावले. एक किराणा दुकानदार काका म्हणाले, "मॅडम, आमचं काही चुकलं का?"

"चुकलं नाही काका, खातं तुमचं आहे."

"ते आम्हाला काय कळतंय? तुमच्याकडंच असू द्या की."

शेवटी त्यांच्या सुनेला बोलावलं. तिने नंबर टाकला, पोर्टलच्या ई-व्हॉल्टमध्ये, म्हणजे जादा सुरक्षेच्या सोयीत, आधार ओटीपीचं जादा कुलूपही लावलं आणि मग सासऱ्यांना बजावलं की रिफंडच्या नावाने फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

याची किंमत जुलैत मोजावी लागते. रिटर्न तयार, ओटीपी क्लायंटच्या फोनवर आणि क्लायंट शेतात, रेंज नाही. रिटर्न भरल्यावर ई-व्हेरिफिकेशनला, म्हणजे ते ओटीपीने पक्कं करायला, तीस दिवस मिळतात, तेवढ्यावर निभावतं. काही जण कंटाळून दुसऱ्या सल्लागाराकडे गेले, तिथे म्हणे काहीच विचारत नाहीत. त्यांची मागच्या वर्षीची फी अजून यायची आहे.