आजीच्या ओव्यांना कुलूप कुणाचं?

गाण्याच्या सीडीला कॉपी अडवणारं कुलूप मुळात नाहीच. फिलिप्स आणि सोनीने १९८० साली जे मानक ठरवलं, त्यात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या, असा साधा मामला आहे. कॉपीला परवानगी आहे की नाही हे सांगणारी एक खूणही आहे, पण ती कुणाला अडवत नाही. कुलपं नंतर आली, एमपीथ्री घरोघरी पोचल्यावर, आणि तीही बाहेरून ठोकलेली. काही सीडींवर मुद्दाम चुकीची माहिती घातलेली असे. हॉलमधला प्लेअर ती चूक गिळून गाणं वाजवायचा आणि संगणकाचा ड्राइव्ह अडखळायचा. अशा सीडींवर कॉम्पॅक्ट डिस्कचं चिन्ह छापू नये, असं खुद्द फिलिप्सने सांगितलं होतं.

दुसरा प्रकार जास्त वाईट. सीडी आत सरकवली की विंडोज आपोआप त्यातला प्रोग्रॅम चालवायची, आणि तो प्रोग्रॅम पुढे कॉपी करू द्यायचा नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अॅलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने २००३ मध्ये दाखवून दिलं की सीडी घालताना शिफ्टचं बटण दाबून धरलं तर हे कुलूप लागतच नाही. सोनी बीएमजी या संगीत कंपनीने मग २००५ मध्ये हद्द केली. त्यांच्या काही सीडींतला प्रोग्रॅम विंडोजच्या पोटात स्वतःला लपवून बसायचा. नावाची सुरुवात विशिष्ट अक्षरांनी झाली की कुठलीही फाइल दिसेनाशी व्हायची, मग ती व्हायरसची का असेना. विंडोजचा जाणकार मार्क रुसिनोविच याने त्या ऑक्टोबरच्या अखेरीला हे उघड केलं आणि महिन्याभरात कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. त्याच प्रोग्रॅममध्ये लेम या मुक्त एमपीथ्री प्रकल्पाचा कोड सापडला होता, हे मी विसरू शकत नाही. दुसऱ्याची कॉपी अडवायला निघालेल्यांनी दुसऱ्याचंच काम उचललं होतं.

लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मुक्त प्रणालीवर, हा दुसरा प्रकार चालायचाच नाही. तो प्रोग्रॅम लिनक्ससाठी लिहिलेलाच नव्हता, त्यामुळे सीडी नेहमीसारखी वाचली जायची. म्हणजे पैसे मोजून सीडी विकत घेतलेला आणि विंडोज वापरणारा माणूस तेवढा अडकला.

आमच्या घरी मात्र कुलूप वेगळ्या वाटेने आलं. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं कधीच अंगणात पडलं होतं, पण गौरीच्या दिवसांत चार बायका जमल्या की ती सुरू करायची आणि बाकीच्या मागून ओढायच्या. काकांनी एका वर्षी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून ते सगळं कॅसेटवर घेतलं. पुढे चिपळूणच्या एका स्टुडिओतून त्याच्या ऑडिओ सीडी करून घेतल्या आणि भावंडांत वाटल्या. बाबांनी आपली सीडी घरच्या संगणकावर रिप केली, म्हणजे फाइलींत उतरवली, संगणकाबरोबर आलेल्या प्लेअरमधून. त्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये "संगीताला संरक्षण द्या" अशा अर्थाची एक चौकट होती आणि ती आधीच टिक केलेली होती. बाबांनी त्या सेटिंगचं पान कधी उघडलं नव्हतं. का उघडावं?

त्या संगणकाची हार्ड डिस्क बदलून विंडोज नव्याने घातलं, तेव्हा गाण्यांचं फोल्डर नीट जपून ठेवलेलं होतं. फाइली होत्या, साइझ बरोबर होता, नावं होती. वाजवायला गेलं की परवाना नाही म्हणून संदेश. परवाना जुन्या विंडोजबरोबर पुसला गेला होता. माझ्या लिनक्सवर तर त्या उघडणं शक्यच नव्हतं. ओव्या परंपरेच्या, आवाज आजीचा, टेपरेकॉर्डर काकांचा, कॅसेटचे पैसे घरचे. यात कुठल्या कंपनीच्या हक्काचं संरक्षण चाललं होतं? मला या गोष्टीचा आजही राग येतो. बाबांची मूळ सीडी तोवर वाचेनाशी झाली होती. अशा बर्न केलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि दमटपणाने उतरतो, आणि कोकणात दमटपणाला तोटा नाही.

आत्याला फोन केला. "अगो, आहे की माझ्याकडे. देवघराच्या कपाटात, हळदीकुंकवाच्या डब्याखाली." ती सीडी मी ठाण्याला घेऊन आले आणि सीडीपॅरानोइयाला दिली. हा लिनक्सवरचा जुना, चिवट प्रोग्रॅम. प्रत्येक तुकडा एकमेकांवर चढवून पुन्हा पुन्हा वाचतो आणि जुळल्याशिवाय सहजी पुढे सरकत नाही. वाचताना एका ओळीत तो आपली हालहवाल दाखवतो, शेवटी विरामचिन्हांनी केलेला आडवा चेहरा. वाचन सुरळीत असेल तर चेहरा हसरा, अडलं की ओठ सरळ. तिसऱ्या ट्रॅकला तो चेहरा बराच वेळ सरळ ओठांनी बसून राहिला आणि मग पुन्हा हसला. ड्राइव्हचा आवाज थांबून थांबून येत होता. मी खुर्चीतून उठले नाही.

सगळं फ्लॅक या फाइल फॉरमॅटमध्ये ठेवलं. फ्लॅकमध्ये मूळ आवाजातलं काही गळत नाही, जागा साधारण निम्मी लागते, आणि हा फॉरमॅट कुणाच्या मालकीचा नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, सगळीकडे वाजतो.

पण सगळीकडे वाजणं म्हणजे सगळीकडे सापडणं नव्हे. माझ्या मुलीचा जुना मॅक आहे. एका ट्रॅकच्या नावात "दुसऱ्या" हा शब्द होता. त्यातला "ऱ" युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्या लिहिण्याच्या सामाईक पद्धतीत) एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि "र" अधिक खालचा नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यांतही. मॅकची जुनी फाइल व्यवस्था नावं साठवताना अक्षरं अशी तोडून ठेवायची. लिनक्स जसं दिलं तसं ठेवतो. त्यामुळे मॅकवरून फोल्डर परत आणलं की दिसायला अगदी सारख्या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी, आणि प्लेलिस्ट म्हणते फाइल नाही. "दुसऱ्या", "सुऱ्या", "वाऱ्या", मराठीत हे अक्षर पदोपदी येतं. उपाय आहे: फाइली इकडून तिकडे नेणाऱ्या आरसिंक या प्रोग्रॅमला अक्षरांचं रूपांतर करायला सांगता येतं. विंडोजवर नावात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम चालत नाही, तेही आधीच काढून टाकलेलं बरं. आणि टॅग, म्हणजे फाइलीच्या आत लिहायची गाण्याची नावं, युनिकोडमध्येच भरा. आत्येभावाने पूर्वी जुन्या मराठी फॉंटात भरलेली नावं आज कुठल्याही फोनवर रोमन अक्षरांचा कचरा म्हणून दिसतात.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत समजूतदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण तोडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा असेल तरच. त्याच कायद्यात खाजगी वापरासाठी रास्त वापराची मुभाही आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडण्यालाच मनाई, आणि सवलती मोजक्या.

आता प्रती आहेत माझ्याकडे, आत्याकडे, आत्येभावाकडे, एक काकूंच्या फोनमध्ये. तिसऱ्या ट्रॅकमध्ये एका ठिकाणी अजूनही बारीक टक् असा आवाज येतो. काकांची मूळ कॅसेट सावंतवाडीच्या घरी माळ्यावर असेल असं काकू म्हणतात. दिवाळीत जाऊन बघणार आहे. सापडली तर ती वेव्ह या साध्या फाइल फॉरमॅटमध्ये उतरवून घ्यायची, आणि उतरवून देणाऱ्याला आधीच सांगायचं की फाइल उघडी हवी.