पाठमोरी बाई

व्यक्तिचित्र काढा म्हटलं की माझ्या क्लासच्या मुली आधी डोळे काढायला घेतात. पापणीचा केसन् केस. मान नंतर, कागद उरला तर. एलिमेंटरी-इंटरमीजिएटचं वळण हाताला बसलंय, काय करणार! अशांना मी हल्ली फ्रेंच चित्रकार वातोची रेखाटनं दाखवते.

आंत्वान वातो जन्मला १६८४ मध्ये आणि १७२१ मध्ये गेला, जेमतेम छत्तीस वर्षांचा असताना. नाव झालं तैलचित्रांमुळे, पण जीव रेखाटनात. त्याला ओळखणाऱ्या केलुसने तसं लिहूनच ठेवलंय. कुठल्या चित्रासाठी वगैरे काही न ठरवता तो वहीत माणसं काढत राहायचा आणि पुढे पेंटिंग करताना वहीतलीच एखादी बाई उचलून बागेत नेऊन बसवायचा.

साहित्य म्हणजे लाल, काळा, पांढरा असे तीन खडू आणि मातकट रंगाचा कागद. लाल खडू म्हणजे मुळात आपला गेरूच, लोहाची माती. ओठ, नाकपुडी, कानाची पाळी लाल. केस आणि कपड्यांच्या गडद चुण्या काळ्या. पांढरा अगदी हात राखून, कपाळावर किंवा रेशमाच्या घडीवर. मधली छटा रंगवायचीच नाही, ती कागद सांभाळतो. एकाच पानावर तीन-चार डोकी: एक खाली बघतंय, एक मान वळवतंय, एक पूर्ण पाठमोरं. केस वर बांधलेले, उघडी मान, आणि तिथे लाल-काळ्याच्या चार रेघा. चेहरा न बघताही ही बाई कुणाकडे तरी कान देऊन बसलीय हे कळतं.

याउलट चित्रकार मोरिस कांतां द ला तूरची मादाम द पोंपादूर, म्हणजे राजा पंधराव्या लुईची प्रेयसी. चित्र १७५५ च्या सालोंमधलं, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनातलं, आता लूव्रमध्ये. पावणेदोन मीटर उंच पेस्टल, टेबलावर एन्सिक्लोपेदी या ज्ञानकोशाचा खंड, हातात संगीताची पानं. चेहरा वेगळ्या कागदावर काढून मग मोठ्या चित्रात बसवलाय. कारागिरी अफाट, पण मला त्यात बाईपेक्षा तिचा दरबारच जास्त दिसतो. त्याच ला तूरचे सां-कांतां गावच्या संग्रहालयातले नुसत्या चेहऱ्यांचे अभ्यास बघा. ऑपेरा गायिका मारी फेलचा चेहरा मी तासन् तास बघू शकते.

ला तूरकडे पेस्टल शिकलेली आदेलाईद लाबीय-गियार ही माझी लाडकी. ३१ मे १७८३ ला फ्रान्सच्या शाही चित्रकला अकादमीने तिला आणि दुसरी चित्रकर्ती विजे ल ब्रं हिला एकाच दिवशी घेतलं. बायकांना एकूण जागा चार, त्याही मोठ्या उपकारानं! १७८९ मध्ये हिने आपली शिष्या मारी-गाब्रिएल कापे हिचं रेखाटन केलं, त्याच तीन खडूंत आणि पाठीमागून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, नेटवर मोठं करून बघता येतं. गुरूने शिष्येचं चित्र काढायचं आणि तिला पाठमोरी बसवायचं, यात मला तरी धिटाई दिसते.

करून बघायचं असेल तर साधा खाकी कागद घ्या, खरबरीत बाजू वर. घरातल्या कुणाला तरी पाठमोरं बसवा. पांढरा खडू सगळ्यात शेवटी, आणि लालवर घासायचा नाही. गुलाबी चिखल होतो.