नानांच्या नावावरची सुरतची गाडी

नानांची फाइल सोपी होती. चोपडा तालुक्यात तापीकाठी सहा एकर, सातबारा स्वच्छ, सोसायटीचं पीककर्ज दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरलेलं. आता कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळा सरताना होणाऱ्या केळीच्या लागवडीसाठी, ठिबक आणि टिश्यू कल्चरची रोपं घ्यायची होती, म्हणून आमच्या बँकेकडून मुदत कर्ज हवं होतं. पीककर्जाला सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक, बघू नका असं सरकार बँकांना वारंवार बजावतं. मुदत कर्जाची फाइल मात्र अहवाल काढल्याशिवाय टेबलावरून हलत नाही. मी पॅन नंबर टाकला, अहवाल काढला आणि आकडा बघून पुन्हा नानांकडे पाहिलं. ५४३.

हा गुणांक ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साडेसातशेच्या वर असला की आम्ही निर्धास्त होतो. सोसायटीचा एकही हप्ता न चुकवलेला माणूस ५४३ वर कसा? खाली उतरत गेलो तर चार खाती दिसली. एक दुचाकीचं कर्ज, एक मोबाइलचं हप्त्यावरचं कर्ज आणि मोबाइल ॲपवरून घेतलेली दोन छोटी वैयक्तिक कर्जं. चारही थकलेली. अहवालात दर महिन्याचा एक चौकोन असतो आणि हप्ता किती दिवस थकलाय ते त्यात लिहिलेलं असतं. दुचाकीच्या ओळीत सुरुवातीला ०००, ०००, मग ०२९, ०६०, ०९१ आणि पुढे आकडा वाढतच गेलेला.

"नाना, मोटरसायकल कधी घेतली?"

"भाऊ, मी त गाडी लिधीच नही. मनाकडे सायकल शे."

सोबत आलेले जावई हसले, नाना हसले नाहीत. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नाव त्यांचं, जन्मतारीख त्यांची, पॅन त्यांचा. मोबाइल नंबरच्या रकान्यात दोन नंबर होते. एक नानांचा, दुसरा त्यांनी कधी न ऐकलेला. पत्तेही दोन. दुसरा होता सुरतेच्या उधना भागातला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खान्देशातल्या माणसाच्या कागदांवर सुरतचा पत्ता दिसला की कुणाला संशय येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावागावांतून निम्मी भावकी उधना-लिंबायतला गेलेली आहे. चोराला याहून सोयीचा पत्ता मिळाला नसता. पुढे दुचाकीचं कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीच्या माणसानेही फोनवर मला हेच ऐकवलं, "साहेब, यांचे नातेवाईक सुरतेत आहेतच ना?" आहेत. नानांची सख्खी बहीण आहे. पण बहीण सुरतेला राहते म्हणून भावाने तिथे गाडी घेतली, असं थोडंच होतं?

हे घडलं कसं, त्याचा निम्मा उलगडा माझ्या टेबलावरच झाला. सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर नानांचा नंबर टाकला, ओटीपी घेतला, तर त्यांच्या नावावर तीन सिम. नाना एकच वापरतात. मग त्यांना आठवलं. आठवडी बाजारात छत्री लावून बसलेल्या पोराकडून त्यांनी सिम बदलून घेतलं होतं आणि त्याने अंगठा दोन-तीनदा घेतला होता. "लागत नही बाबा, परत ठेवा." शेतात राबणाऱ्या माणसाचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे यात कुणाला वावगं वाटत नाही. पहिल्या अंगठ्यावर नानांचं सिम निघालं असणार आणि बाकीच्या अंगठ्यांवर परक्यांची. पॅनची झेरॉक्स कुठून गेली ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. केळीचे व्यापारी, विमा एजंट, कृषी सेवा केंद्र, अनुदानाचे फॉर्म भरणारे, अशा कितीतरी ठिकाणी नानांच्या झेरॉक्स पडलेल्या आहेत.

हल्ली तुमचा अहवाल कुणी काढला की एसएमएस येतो. नानांच्या बाबतीत तो इशाराही बहुधा त्या दुसऱ्या नंबरवरच जात असणार.

जावई हुशार होते, पण घाईत होते. "बसस्टँडजवळ एक जण सिबिल दुरुस्त करून देतो, बारा हजारांत, आठ दिवसांत," ते म्हणाले. अशा पाट्या आता प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. त्याने काय काय मागितलंय, ते मी विचारलं. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि 'प्रोसेसमध्ये ओटीपी येतील ते सांगायचे'. म्हणजे एका चोराने जे अंगठ्यावर नेलं, ते दुसऱ्याला बारा हजार देऊन हातात द्यायचं! शिवाय तो करणार काय? देशात ही माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. यांपैकी कुणीही स्वतःहून आकडा बदलत नाही. ज्या सावकाराने, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा कंपनीने, नोंद पाठवली, त्यानेच ती चूक आहे असं कळवावं लागतं, तेव्हा ती निघते. तक्रार खातेदाराला स्वतः फुकट करता येते. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवालही फुकट मिळतो. दलाल तेच करतो, फक्त पैसे घेऊन आणि गाजावाजा करून.

चारही अहवाल आम्ही मागवले. यात आळस करून चालत नाही, कारण प्रत्येक सावकार चारही ठिकाणी सारखीच माहिती पाठवतो असं धरून चालता येत नाही. ॲपवाल्या एका कर्जाची नोंद एका अहवालात नव्हतीच. प्रत्येक ठिकाणी 'हे खातं माझं नाही' अशी तक्रार घातली. त्याच तक्रारीत तो परका मोबाइल नंबर आणि उधन्याचा पत्ताही काढून टाकायला सांगितलं. लोक खातं काढून घेतात आणि नंबर तसाच राहू देतात, मग पुढच्या वेळी ओळख पटवताना तोच नंबर पुन्हा वर येतो.

चारही सावकारांच्या तक्रार अधिकाऱ्यांना वेगळी पत्रं गेली. पत्रात विनवणी नव्हती. कर्जाचे कागद, केवायसीचा फोटो, सह्या आणि पैसे कुठल्या खात्यात गेले त्याचा तपशील, एवढंच मागितलं. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावायचा असतो तो पैसे नुकतेच गेलेले असताना. इथे महिने उलटून गेले होते, त्यामुळे लेखी तक्रारच कामाची. पोलिस ठाण्यात मात्र "हे फायनान्सचं प्रकरण आहे, दिवाणी आहे" हे ठरलेलं उत्तर मिळालं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क नेमकं याचसाठी आहे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कलम लिहिलेला अर्ज घेऊन नाना दुसऱ्यांदा गेले, तेव्हा पोच मिळाली.

एका ॲपवाल्याने लगेच नोंद काढली, मोबाइलवाल्यानेही फार ताणलं नाही. दुचाकीवाले अडून बसले. कागद मात्र त्यांनी पाठवले आणि ते उघडल्यावर मला खुर्चीत बसवेना. आधारच्या प्रतीवर नानांचं नाव, नंबर सगळं बरोबर, पण फोटो एका पंचविशीतल्या पोराचा. जन्मसाल नानांचंच, म्हणजे कागदानुसार हा पोरगा पासष्ट वर्षांचा! करारावर झोकदार इंग्रजी सही. आमच्या शाखेत नानांच्या सहीचा नमुना आहे. एकेक अक्षर सुटं, मराठीत, शेवटच्या अक्षराची वेलांटी नेहमी ओळीबाहेर जाणारी. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर तिसरीतलं मूलसुद्धा फरक सांगेल. ज्याने हे कर्ज मंजूर केलं, त्याने फोटो आणि जन्मतारीख एकदाही सोबत पाहिली नव्हती.

आरसीची प्रतही होती. जीजे ०५, सुरत आरटीओ. मालक नाना. पैशांपेक्षा याची भीती मला जास्त वाटली. गाडीने कुणाला ठोकलं आणि विमा संपलेला असला, तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकाच्या दारात येतो. नानांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीच्या वसुलीवाल्याचा फोन आला. अर्धी रक्कम भरा, सेटलमेंट करतो, लगेच एनओसी देतो. नाना तयार झाले. नुसते तयार नाही, पैसेच घेऊन आले, कापडी पिशवीत. रोपांची बुकिंगची तारीख जवळ आली होती आणि कांदेबाग काही कंपनीच्या उत्तराची वाट बघत थांबत नाही.

"भरी टाकसू ना भाऊ. मनं केळीनं काम अडी ऱ्हायनं."

मी नको म्हणालो. त्यावरून आमचं वाजलं, चांगलंच वाजलं. त्यांचं म्हणणं व्यवहारी होतं. काही हजार गेले तरी हंगाम वाचतो. माझं म्हणणं असं की पैसे भरले म्हणजे कर्ज आपलंच होतं असं लिहून दिल्यासारखं. मग चोरीची तक्रार लंगडी पडते, गाडी आणि तिच्या जबाबदाऱ्या कायमच्या गळ्यात पडतात. वर अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि तो शेरा बघून कुठलाही बँकवाला तोंड फिरवतो. थकलेलं आणि नंतर पूर्ण फेडलेलं खातं मी एक वेळ समजून घेतो, 'सेटल्ड' बघितलं की मलाही हात आखडता घ्यावा लागतो. आपली चूक असेल तर पूर्ण भरावं, नसेल तर एक रुपयाही भरू नये. अर्धं भरणं हा सगळ्यांत महाग मार्ग आहे. नाना पिशवी घेऊन गेले ते रागातच.

त्यांनी मग रोपं उधारीवर आणली आणि निम्म्याच क्षेत्रात केळी लावली. उरलेल्यात हरभरा पेरला. हा तोटा खरा आहे आणि तो कुणी भरून दिला नाही.

रिझर्व्ह बँकेचा नियम आमच्या बाजूने होता. तक्रार ३० दिवसांत सुटायला हवी. त्यातले २१ दिवस सावकाराचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. २६ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे आणि शेतकऱ्याला सोडाच, कित्येक शाखांतल्या लोकांनाही ठाऊक नाही. मुदत उलटल्यावर आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली, सोबत दोन्ही सह्यांचे फोटो. त्यानंतर कंपनीची भाषा मऊ झाली. नोंद निघाली, उशिराचे पैसे नानांच्या खात्यात जमा झाले आणि पुढच्या अहवालात आकडा सातशेच्या वर गेला. ठिबकचं कर्ज मी त्याच आठवड्यात मंजुरीला पाठवलं.

मधल्या काळात परकी दोन्ही सिम 'माझी नाहीत' म्हणून कळवली आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं. यावरून घरात भांडण झालं, कारण रेशन दुकानात अंगठा लागेना. ते थोड्या वेळापुरतं उघडता येतं, हे आता त्यांच्या नातीला शिकवलंय, तीच करते. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर शेवटचे चार आकडेच दिसणारं आधार द्यायचं आणि प्रतीवर कशासाठी दिली ते तारखेसह आडवं लिहायचं, हेही नानांनी धरलंय. केळीच्या व्यापाऱ्याला त्याचा राग आला म्हणे.

गाडी अजून नानांच्याच नावावर आहे. सुरत आरटीओला अर्ज गेलाय, पोलिसांच्या अहवालाशिवाय तो हलत नाही. मी अधूनमधून ई-चलानच्या संकेतस्थळावर तिचा नंबर टाकून बघतो. मागच्या महिन्यात विना हेल्मेटचं एक चलान दिसलं. ठिकाण, तारीख, वेळ सगळं होतं आणि फोटोत चालवणाऱ्याचा अर्धा चेहराही. त्याची प्रिंट तपास अधिकाऱ्याला दिली. नाना शेजारी बसले होते. त्यांनी दंडाचा आकडा वाचला आणि हळूच विचारलं, "हाऊ दंड त भरी देऊ ना?"

हाही नाही, म्हटलं.