चड्डी आहे का, ते आधी विचारा

मुंबईत त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. दादरच्या बाजूला एका उड्डाणपुलाखाली सात-आठ कुटुंबं राहायची. बहुतेक सोलापूरकडची, दुष्काळात गाव सोडून आलेली, सिग्नलवर गजरे विकणारी. आमच्या संस्थेकडून तिथे सॅनिटरी पॅडची चाळीस पाकिटं वाटायची होती. रस्त्यावर राहणाऱ्या बायकांसोबत काम करायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. पाकीट हातात पडलं की काम झालं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

बायका जमल्या. एक जण पाकीट उलटसुलट करून बघत म्हणाली, “ताई, ह्ये चिकटवायचं कशाला?”

मी सांगायला लागले, मागचा कागद काढायचा, चिकट बाजू खाली धरायची...

“ते कळतंय ओ. पण चड्डी कुठाय आमच्याकडं?”

मला पुढे बोलता येईना. तिनेच मग सांगितलं, कमरेला नाडा बांधायचा आणि जुन्या लुगड्याच्या फडक्याची घडी पुढून-मागून त्यात खोचायची. चार महिने मी या बायकांमध्ये वावरत होते, आणि एवढी साधी गोष्ट एकदाही विचारली नव्हती.

तिची तेरा वर्षांची मुलगी खांबाला टेकून पोत्यावर बसली होती. मी जवळ गेले तरी उठली नाही. “काल न्हाती झाली,” आई हळूच म्हणाली. लघवीला जावं लागू नये म्हणून पोरीने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी शेजारी बसले, तेव्हा ती कानाशी पुटपुटली, “उठलं की दिसतंय.”

पलीकडच्या फुटपाथवर कपडे विकणाऱ्याकडून मी गडद रंगाच्या चार चड्ड्या आणल्या. तिच्या पाठीमागे माझी ओढणी धरून आम्ही तिघी जवळच्या संडासाशी गेलो. राखणदार म्हणाला, आंघोळीचे दहा. आत कडी तुटलेली. आई दार ओढून धरून उभी राहिली आणि मी बाहेरून सांगत राहिले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “ताई, फडकं कुठं टाकू?” कचऱ्याचा डबा नव्हता. पिशवीतलं वर्तमानपत्र मी दारावरून आत दिलं. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढला की कचरा वेचणारीला ती पुडी उघडून बघावी लागत नाही. मी लाल पेनाने ठिपका काढला आणि पुडी कचराकुंडीपर्यंत घेऊन गेले.

परत येताना आईने हिशोब सांगितला. संडासात एका खेपेला पाच रुपये. दिवसातून तीनदा बदलायचं तर पंधरा, चार दिवसांचे साठ. म्हणून त्या पहाटे अंधारात एकदाच जातात आणि तेच फडकं रात्रीपर्यंत ठेवतात. 2018 मध्ये पॅडवरचा जीएसटी गेला, 2019 पासून जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला मिळू लागलं. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या. पण एक रुपयाचं पॅड बदलायला या बाईला पाच रुपये मोजावे लागतात.

फडक्याला मी नावं ठेवत नाही. स्वच्छ धुऊन उन्हात कडक वाळवलेलं सुती कापड चांगलंच असतं. पण पुलाखाली ऊन येत नाही, आणि दोरीवर ते उघडं टाकायची लाज वाटते. वर साडी पसरून खाली लपवून वाळत घातलेलं फडकं पावसाळ्यात दोन-दोन दिवस दमट राहतं आणि तसंच बांधलं जातं. मग खाज, मांड्यांना चिरा. त्या संध्याकाळी तिघींनी मला आडोशाला नेऊन ते दाखवलं.

आता आमच्या पिशवीत दोन गडद चड्ड्या, पॅड, सुती कापड, साबणाची वडी, जुनी वर्तमानपत्रं आणि घट्ट झाकणाचा डबा असतो, कारण फूटपाथवर पाकीट भिजलं की पॅड वायाच. देणगीदार मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत आत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरायचा कप सुचवतात. कप चांगला आहे, पण तो उकळायला भांडं, चूल आणि आडोसा लागतो. वाटपाचे फोटो मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा मुलगी सिग्नलवर गजरे विकत होती. आईने पाकिटातली चार पॅडं जिन्याखाली राहणाऱ्या म्हातारीच्या सुनेला दिली होती. मी नवीन पाकीट पुढे केलं, तर म्हणाली, “ह्यातली थोडी कमी द्या, ताई. साबण दोन द्या. आणि त्या संडासवाल्याशी तेवढं बोला.”

त्याच्याशी आम्ही अजून बोलतोच आहोत.