बॅलिनटबर ते क्रोक पॅट्रिक, पायी

आयर्लंडमध्ये गाडीने फिरताना पडके किल्ले आणि ॲबी, म्हणजे जुने ख्रिस्ती मठ, इतके लागतात की नंतर नंतर नुसतं उतरायचं, फोटो काढायचे, पुढे जायचं असं होतं. मेयो काउंटीत मात्र आम्ही गाडी बॅलिनटबर ॲबीपाशी ठेवली आणि टोखर फॉड्रिग या जुन्या वाटेने क्रोक पॅट्रिककडे, म्हणजे आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या सेंट पॅट्रिकच्या डोंगराकडे, चालत निघालो, साधारण ३५ किलोमीटर.

ही ॲबी १२१६ ची, कॉनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताच्या राजाने बांधलेली. १६५३ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैनिकांनी जाळली, छप्पर गेलं, पुढे कॅथलिकांवर कायद्याने बंधनं आली, तरी लोक उघड्या भिंतींमध्ये पावसात उभं राहून मास, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना, करतच राहिले, छप्पर पूर्ण व्हायला १९६६ उजाडलं आणि तोवर प्रार्थनेत खंड पडू दिला नाही. ८०० वर्षं! आत शिरल्यावर मी आपोआप हात जोडले.

वाट बरीचशी शेतकऱ्यांच्या जमिनीतून जाते म्हणून आधी ॲबीत नाव नोंदवायचं. नियम एकच मोठा, कुरकुर करायची नाही, काहीही झालं तरी देवाचे आभार मानायचे. पाऊस आला, बूट चिखलात रुतले, पुढच्या आजी मागे वळून हसत 'थँक्स बी टू गॉड' म्हणाल्या आणि मला एकदम वारीच आठवली, तिथेही पाय सोलले तरी तोंडात माऊलीच असते ना.

आघागावर नावाच्या गावातला गोल मनोरा मागे पडला, मग बोहेचा कोरीव दगड, तो तर पॅट्रिकच्याही फार आधीचा. तिथून १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टला मावळता सूर्य डोंगराच्या उतारावरून घरंगळत खाली गेल्यासारखा दिसतो म्हणे. पॅट्रिकने या डोंगरावर ४० दिवस उपास केला असं मानतात, पण हा डोंगर लोकांना त्याआधीपासूनच पवित्र असणार, मला तरी यात शंका वाटत नाही.

डोंगर ७६४ मीटर, पण शेवटचा टप्पा सगळा सुट्या दगडांचा, एक पाऊल वर की अर्धं खाली. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक येतात, काही अनवाणी चढतात, त्यांना खरंच दंडवत.

बहुतेक जण पायथ्याच्या मरिस्कला गाडी लावून थेट वर जातात, शेजारची १४५७ ची ॲबीसुद्धा बघत नाहीत. जमलं तर बॅलिनटबरहूनच चाला, आणि वॉटरप्रूफ बूट नक्की घ्या.